राघूची माळ आणि अजीजाचं रजिस्टर

५ ऑगस्ट १९७४, सोमवार

ही वही ह्यांची. पुढची सात-आठ पानं ह्यांनी भरलेली, कुठल्या नक्षीला किती पत्ते लागले ते. हे गेल्यापासून तीन वर्षं ट्रंकेत पडली होती. आज काढली, कारण पोटात आग पडलीय आणि बोलायला घरात भिंतीशिवाय कोण न्हाय.

झालं असं. मुंबईच्या व्यापाऱ्यानं राघू चादरीचे दोन गठ्ठे परत पाठवले. राघूच्या मानेवर पांढरा ठिपका म्हणे. सगळ्या चादरींत न्हाय, मधूनच. सकाळी कारखान्याचे मालक नरसय्याशेठ एक चादर खांद्यावर टाकून पत्ता खोलीत आले. म्हणाले, "वच्छलाबाई, दोष पत्त्यात हाय, मागात हाय, का विणणाऱ्याच्या हातात, हे मला कळलं पायजे. आजपासून रजिस्टर ठेवायचं. बारीकसारीक सगळं लिहायचं." मी म्हणलं, ठेवते की, त्यात काय. तर म्हणाले, "तुमी नको. अजीजा लिहील. तिचं अक्षर चांगलं हाय."

अक्षर! मी सतरा वर्षं ह्या खोलीत हाय. हे पंचिंग मास्तर, पुठ्ठ्याच्या पत्त्यांना नक्षीची भोकं पाडायचे, मी ते पत्ते दोऱ्यात ओवून माळा करायची. हे गेल्यावर पंचिंगपण मीच करते. एकशेचाळीस माळा खुंट्यांना लटकल्यात. एकीला चिठ्ठी न्हाय, सगळ्या माझ्या डोक्यात. अंधारात हात घातला तरी हवी ती माळ काढून देईन. आणि ही अजीजा आठ महिन्यांपूर्वी ओवायला आली. सत्तावीस वर्षांची, नवरा ट्रकवर. तिला शेठ माझ्या देखत समजावून सांगत होते, "एक पत्ता म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. पत्त्यात भोक असलं तर उभा ताणा वर उचलला जातो, नसलं तर खाली राहतो. एक भोक जास्त झालं की राघूच्या अंगावर ठिपका." मी तिथंच उभी होते. मला कुणी इचारलं न्हाय.

ती मान हलवत होती, हौ शेठ, हौ शेठ. मेलीच्या माना तरी किती हलतात.

७ ऑगस्ट, बुधवार

खिडकीखालची जागा गेली. माझं स्टूल आत सरकवलं आणि तिथं टेबल आलं. वर नवा बल्ब. सतरा वर्षांत मी बल्ब मागितला तर "बघू" म्हणायचे. हिला न मागता.

रजिस्टर लांबडं, लाल कापडाचं. तिनं फूटपट्टीनं आठ रकाने आखले आणि मोठ्यानं वाचून दाखवले. तारीख, वेळ, माग नंबर, माळ कुठली, कितवा पत्ता, दोष काय, पत्ता तपासल्यावर काय दिसलं, दुरुस्ती कोणी केली. दर दोन तासांनी सगळ्या मागांवरून फिरणार. दोष नसला तरी लिहिणार, "ठीक".

मी म्हणलं, "काही झालं न्हाय, हेबी लिहायचं? मग मी आज शिंकले न्हाय, तेबी लिही."

ती हसली. म्हणाली, "अक्का, बिघडलं कधी ते कळायला, ठीक कधीपर्यंत होतं ते लिहावंच लागतं की."

आता मला शिकवणार ही! कोरी वही दिली की माणूस मास्तर होतो वाटतं. रजिस्टर मी हातात धरलं न्हाय. धरणारबी न्हाय.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज गंमत झाली. अकरा वाजता सात नंबर मागावर राघूच्या मानेवर ठिपका आला. सात नंबर शिवप्पा विणकराचा, राघूची माळ त्याच मागावर चढवलेली. अजीजानं पळत येऊन रजिस्टरात लिहिलं, आणि म्हणाली दुपारी माग थांबला की माळ तपासते. मग जेवायच्या सुट्टीत ती खोलीत डबा उघडून बसली आणि मी शिडी लावून सात नंबरच्या डोक्यावर चढले. माळ उतरवायची गरज मला कधीच लागत न्हाय. वरच्या वर बघितलं. दोनशेबारावा पत्ता. मानेजवळच्या नको असलेल्या भोकावर चिकटवलेला कागद सुटला होता. खळ लावली, नवा कागदाचा तुकडा चिकटवला, दाबून धरला, खाली उतरले. पाच मिनिटं.

माग सुरू व्हायच्या आधी बाईसाहेब तपासायला गेल्या. रजिस्टरात काय लिहिलं ते शेठला वाचून दाखवलं तेव्हा ऐकलं. "पत्ता तपासला, ठीक." कपाळाला ही एवढी आठी तिच्या.

लिही बाई, ठीक लिही. राघूची माळ ह्यांच्या हातची हाय. तिच्या नावापुढं तुझ्या रजिस्टरात एक फुली मी पडू देणार न्हाय.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सात नंबर. सत्त्याऐंशीवा पत्ता, परत मानेवरच. दुपारी चिकटवला. रजिस्टरात, "ठीक".

आज खळ ताजी केली. ज्वारीचं पीठ, पाणी, आणि खडाभर गूळ. गुळाचं डोकं माझं. हे मोरचूद घालायचे, त्यानं खळ निळी व्हायची आणि माझी बोटं फुटायची. ह्यांच्या डब्यातलं मोरचूद उन्हाळ्यात संपलं ते मी परत आणलंच न्हाय. गुळानं कागद असा चिकटतो की नखानं निघत न्हाय. ह्यांना सांगायला पायजे होतं. हसले असते, पण मानलं असतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

खोलीत झुरळं लई झाली. खुंटीवरची माळ हलवली की पाच-सहा पळतात. ह्याआधी नव्हती. कारण उघड हाय, आठ महिन्यांपासून हितं कुणाचा डबा उघडतोय? मटणाचा रस्सा, काय काय. मी शेठला सांगितलं. तिच्यासमोरच सांगितलं, मागून बोलायची मला सवय न्हाय.

तिचं तोंड उतरलं. दुपारी डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली, उन्हात. एक घटका मला कसंतरी झालं. मग वर बघितलं तर तिचा बल्ब भर दुपारचा चालू. कसंतरी वाटायचं गेलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

परत दोनशेबारा. हाच पत्ता मी नऊ तारखेला चिकटवला होता. कागद असा गेलाय की नामोनिशाण न्हाय. पावसाळी हवा. चिकटवला. "ठीक".

२२ ऑगस्ट, गुरुवार

दोनशेपंधरा. चिकटवला. "ठीक".

शेठनं अजीजाला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. कपबशीत. मला चहा खोलीत येतो, पेल्यात. बशीचं काय एवढं, असं कुणीबी म्हणेल. मला बशी दिसते, काय करू.

परत आल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "अक्का, मला पंचिंग शिकवा की. तुमच्या हातासारखा हात मी बघितला न्हाय. तुमी ग्राफ बघता आणि हात आपोआप चालतो." मी म्हणलं, हात बसायला दहा वर्षं लागतात. ती म्हणाली, "मग दहा वर्षं थांबते."

थांबते म्हणे! म्हणजे मी म्हातारी व्हायची वाट बघणार. लोणी लावायची कला मात्र उपजत हाय. शेठला लावून झालं, आता माझी पाळी.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सत्त्याऐंशी. चिकटवला. "ठीक". शिडी चढताना गुडघा कुरकुरतो. अजीजा दिवसातून पाच वेळा सगळे माग फिरते, तिचा गुडघा कुरकुरत न्हाय. देव पण वय बघून देतो.

२ सप्टेंबर, सोमवार

सात नंबर, नव्वदावा पत्ता. चिकटवला. "ठीक".

५ सप्टेंबर, गुरुवार

दोनशेबारा, तिसऱ्यांदा. दोन पदर कागद लावला, गूळ जास्त घातला. "ठीक". पत्ता हातात घेतला की ह्यांचा हात आठवतो. राघूच्या गळ्यातली कंठी ह्यांनी नंतर बदलली, तेव्हा जुनी भोकं कागद लावून बंद केली होती. ह्या वैशाखात मी ते जुने कागद सगळे सोलून काढले आणि नवे चिकटवले, माळ नव्यासारखी दिसावी म्हणून. एकच राहिला होता, एकशेतीनवर, तो निघेचना.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज महिन्याचा हिशेब मांडला तिनं. पैशाचा न्हाय, ठिपक्यांचा. एका कागदावर सगळे माग लिहिले आणि दोष आला तितक्या उभ्या रेघा. बाकीच्या मागांपुढं एखाद-दुसरी रेघ, ती पण धागा तुटल्याची. सात नंबरपुढं सात. आणि साती वेळा पत्ता ठीक.

शेठ म्हणाले, "म्हणजे पत्ता खोली सुटली. शिवप्पाचा हात ढिला पडलाय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ह्यांची माळ निर्दोष, काळ्यावर पांढरं. न्हाय, पांढऱ्यावर काळं. आनंदात धड लिहितापण येईना. अजीजाच्याच अक्षरात लिहिलेलं, मला बोट उचलावं लागलं न्हाय.

पण ती मेली खूश न्हवती. शेठ गेल्यावर माझ्याकडं वळली. "अक्का, मागाची सुई खराब असती तर चादरीत लांब रेघ पडली असती. विणणाऱ्याची चूक असती तर कुटंबी झाली असती. हा ठिपका मानेवरच येतो. आणि सकाळी येतो, दुपारनंतर जातो. असं पत्त्याशिवाय व्हत न्हाय." मग म्हणाली, "दुपारी वर कुणी चढतं का अक्का?"

मी म्हणलं, "मला काय माहीत. मी जेवते दुपारी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग रजिस्टर मिटून मागांवर गेली. फार शहाणी समजते स्वतःला.

११ सप्टेंबर, बुधवार

नव्वद. चिकटवला.

शिवप्पा खोलीत आला होता. अक्कलकोटकडचा माणूस, बावीस वर्षं मागावर, मराठी बोलता बोलता कानडीत शिरतो. ह्यांचा जिवलग. हे गेल्यावर शेठ ही खोली बाहेरच्या मास्तरला देणार होते. तेव्हा सगळ्यांपुढं उभा राहून हाच म्हणाला होता, "खोली अक्काकडंच ठेवा, अक्काच्या डोक्यात सगळं हाय."

आज दारात उभा राहून टोपी पिळत होता. "अक्का, शेठ मला काढून गठ्ठे बांधायला घालतो म्हणतोय. येन माडोदु, काय करू मी? माझा हात वाईट न्हाय हो. तुमी सांगा की शेठला. तुमचं ऐकतील."

मी म्हणलं, बघू. तो म्हणाला, "रजिस्टरात लिहिलंय म्हणतात. लिहिलेलं खोटं कसं असंल?" आणि स्वतःचेच हात उलटेपालटे करून बघायला लागला. मी खळ ढवळत राहिले.

जेवण गेलं न्हाय. दोष त्या रजिस्टराचा हाय. रजिस्टर नसतं तर मी कागद चिकटवला असता आणि माग चालू राहिला असता, सतरा वर्षं राहिला तसा. ही बया आली आणि सगळं लिहून बसली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दोनशेपंधरा. चिकटवला. शिवप्पा खालून वर बघत होता. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी तपासायला चढले. हात जोडले त्यानं. मी उतरताना पाय चुकता चुकता राहिला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अजीजाचे रोजे सुरू झाले. पाण्याचा घोट न्हाय तोंडात, तरी फेऱ्या पाच त्या पाचच. उपाशी असलं की माणूस थोडं तरी चिडतं, चुकतं. ही न्हाय. अक्षर तसंच. मला एकादशीलाच चक्कर येते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सत्त्याऐंशी. चिकटवला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दोनशेबारा, चौथ्यांदा. चिकटवला. शेठनं शिवप्पाला सांगितलं, सोमवारपासून सात नंबर सोडायचा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी खुंटीवरून कमळाची माळ काढली तर झुरळांचा लोंढा बाहेर पडला. माझ्या तोंडात आलंच होतं, की डब्याचं खरकटं सांडलंय. आणि तोंड तसंच उघडं राहिलं. आठ दिवस झाले, अजीजाचे रोजे, डबाच न्हाय. आणि त्याआधी महिनाभर तो बाहेर पायरीवर. तरी झुरळं कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली.

मग झुरळं कशाला आली, हे बघायला मी खाली बसले. ती होती खळीच्या वाटीत. कडेला बसून चाटत होती. वाटी स्वच्छ.

दुपारी सात नंबरवर चढले. मंगळवारी लावलेला कागद बघितला. दोन दिवसांत कडेनं कुरतडलेला, नक्षी काढल्यासारखा. मी उन्हाळ्यात लावलेला एकूण एक कागद कुठं ना कुठं खाल्लेला. आणि एकशेतीनवरचा तो जुना, मला सोलता न आलेला, ह्यांच्या हातचा, निळसर. त्याला कुणी तोंड लावलेलं न्हाय. आठ वर्षांचा हाय तो.

मोरचूद. झुरळं लागू नयेत म्हणून घालायचे हे. मला वाटायचं चिकटायला घालतात. मी इचारलं न्हाय कधी, त्यांनी सांगितलं न्हाय. आणि मी घातला गूळ. राघूच्या माळेला मीच जेवण वाढत होते, आणि वाढून झालं की दुपारी चोरून परत वाढत होते.

शिडीवर किती वेळ बसले माहीत न्हाय. खाली शिवप्पा वाट बघत उभा. म्हणाला, "अक्का, काय दिसलं का?" मी म्हणलं, उद्या सांगते. ह्या तोंडानं.

२८ सप्टेंबर, शनिवार

काल दिवसभर धीर झाला न्हाय. आज केबिनमध्ये गेले. शेठना म्हणलं, दोष पत्त्यात होता, मी दुपारी चोरून चिकटवत होते, शिवप्पाला काढू नका. शेठनी चष्मा काढला. म्हणाले, "वच्छलाबाई, जोतीरामचा दोस्त म्हणून तुमी त्याला वाचवताय. चांगलं मन हाय तुमचं. पण रजिस्टरात अकरा वेळा पत्ता ठीक लिहिलंय. मी लिहिलेलं मानू का बोललेलं?"

मी म्हणलं, तारखा सांगते. ते म्हणाले, "तारखा रजिस्टरात बघून कुणीबी सांगंल. तेव्हाचं काही लिहिलेलं हाय का तुमच्याकडं? त्या त्या दिवशीचं?"

अजीजा दारातच उभी होती. तिनंपण हळूच इचारलं, "अक्का, कुटं लिहून ठेवलंय का? काहीबी? कागदाचा तुकडा असला तरी चालंल."

मी म्हणलं, न्हाय.

सगळे गेल्यावर पहिल्यांदा ते रजिस्टर उघडलं. तारखा जुळवायला. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात ठळक लिहिलंय: पत्ता खोली. मुख्य, वच्छला जोतीराम. लिहिणार, अजीजा. सात ऑगस्टपासून लिहिलंय ते. दोन महिने ते पान माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. आत अकरा ओळींमध्ये "दुरुस्ती कोणी केली" हा रकाना मोकळा सोडलेला. बाकीच्या मागांपुढं, दुरुस्ती नसली की तिनं आडवी रेघ मारलीय. ह्या अकरांत रेघ न्हाय, नुसती जागा. तिला ठाऊक होतं. सहा तारखेपासून तरी ठाऊक होतं. आणि शेठला सांगितलं न्हाय.

आता ही चांगली पण निघाली! म्हणजे मला जळायलाही जागा ठेवली न्हाय मेलीनं.

२९ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. दिवसभर ही वही मांडीवर घेऊन बसले. अकराच्या अकरा तारखा हितं हायत. कितवा पत्ता, कुठल्या दिवशी. गुळाचंबी हाय.

पण तारखांच्या मधे काय काय हाय ते पण वाचलं. आणि वही शेठना दिली म्हणजे अजीजाला दिली. शेठ शिकले तेलुगूत, मराठी वळणाचं अक्षर त्यांना पटकन लागत न्हाय, कारखान्यातला कागद न् कागद तीच वाचून दाखवते. म्हणजे मेली, बया, लोणी, मटणाचा रस्सा, सगळं ती स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचणार. केबिनचं दार तर कधी लागत न्हाय. बाहेर मागवाले ऐकणार.

एकदा वाटलं, पानं फाडू. नुसती तारखांची ठेवू. फाडायला घेतलं तर दिसलं, तारीख पुढच्या बाजूला आणि शिवी मागच्या. एकदा वाटलं खोडू. काळी शाई आणलीपण. मग वाटलं, खाडाखोड केलेली वही कोण खरी मानतं? शेठ म्हणतील, एक खोडलं तर दुसरं नंतर लिहिलं नसेल कशावरून. मीपण तेच म्हणाले असते.

एकदा वाटलं, गठ्ठे बांधणं काय वाईट न्हाय. शिवप्पाचं वय झालंच हाय. हे लिहिलं. हेपण खोडणार न्हाय.

३० सप्टेंबर, सोमवार, सकाळी

भोंग्याला तासभर हाय. अजीजा, आता हे तू वाचतीयस. शेठ, तुमी ऐकताय.

आधी कामाचं. पाच ऑगस्टनंतर सात नंबरवर राघूच्या मानेवर अकरा वेळा ठिपका आला. अकराही वेळा दोष पत्त्यात होता. तो मी दुपारी चोरून मिटवला आणि अजीजाला खोटं बोलले. शिवप्पाच्या हातात दोष न्हाय. परत आलेले गठ्ठेबी माझ्याच खळीचे, उन्हाळ्यात सगळे कागद मीच बदलले. झुरळं गुळाला आली, डब्याला न्हाय. खळीत चिमूटभर मोरचूद पडलं पायजे. बोटं फुटली तर फुटू देत.

खोलीची किल्ली ह्या वहीत ठेवलीय. कुणाला द्यायची ते शेठनं ठरवावं. मला सुताच्या कांड्या भरायला बसवलं तर बसेन. फक्त शिवप्पाला आज सात नंबरवरून उठवू नका.

अजीजा, तुझ्याबद्दल लिहिलंय ते तसंच ठेवलंय. एक शब्द खोडला असता तर तारखाही खोट्या ठरल्या असत्या. मध्येच थांबू नकोस, गाळू तर मुळीच नकोस, शेठना कळतं तू गाळतीयस ते. आणि वाचून तुला वाटंल की अक्का आता बदलली. तसं काय न्हाय. तुझं अक्षर बघितलं की अजून जीव जळतो. त्या पहिल्या पानावरचं माझं नाव इतकं सुरेख मला स्वतःला लिहिता येत न्हाय, त्यानं तर जास्तच जळतो.

त्या मोकळ्या अकरा जागांत माझं नाव लिही. अकराही वेळा पूर्ण लिही, खाली तेच तेच म्हणून खुणा करू नकोस.

आणि सतरा ऑगस्टचं पान येईल, डब्याचं. ते वाचताना खाली मान घालू नकोस. चूक तुझी नव्हती. माझ्याकडं बघून वाच, मी समोरच उभी असणार हाय.